वीस पडले लोणी काळभोरला

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी "काहीतरीच काय काका" म्हणायला नको. परवा मांजरी गावात संतोषच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. जेवणं उरकल्यावर त्याच्या ऑफिसातल्या चार पोरांनी मला खुर्ची दिली आणि "काका, ती फाशाची गोष्ट सांगा" म्हणून धरून बसली. तिथे जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे, एका शब्दाचा फरक नाही. मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पाणी कमी पडलं की शब्द जास्त सोडावे लागतात, त्यामुळे दोन्ही मोजून सोडायची सवय आहे.

तर साल दोन हजार तीन. माझं घर हडपसरला, कालव्याच्या भरावाला इतकं लागून की मागच्या खिडकीतून हात घातला तर पाणी लागावं. ज्या वावरांना मी ज्वारीसाठी पाणी सोडलं होतं तिथे काचेच्या इमारती उगवल्या, आणि त्या इमारतींत काम करणारी पोरं माझ्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आली. एकीत ऋषी, दुसरीत संतोष. ऋषीचं कोथरूडला स्वतःचं घर, पण रोजच्या ट्रॅफिकला कंटाळून इथे राहायचा. बोलणं पानात मीठ वाढावं तितकंच. मोजकं आणि खारट.

या ऋषीने आमच्या घरात तो खेळ आणला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात." मग ज्याने त्याने सांगायचं की माझं पात्र आता काय करतं. ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर राजा, एक पडला तर तोंडघशी. एक गोष्ट सगळ्यांनी मिळून रचायची, बस. टेबल माझं होतं, ऑफिसच्या लिलावात घेतलेलं सागवानी. ऑफिसात त्यावर चाळीस वर्षं कालव्याचे नकाशे पसरले होते, आता ऋषीच्या चंद्रकोट राज्याचा पसरायचा. रविवारी दुपारी तीन वाजता बैठक, पाचच्या चहाला मध्यंतर.

असले फासे तेव्हा मला पुण्यात कुठे दिसले नाहीत. तुळशीबाग पालथी घातली तेव्हा एकाने मला सहा बाजूंचे दाखवून "यातच जोडून घ्या ना" असं सांगितलं. ऋषीला कंपनीने तीन महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून त्याने पाऊणशे फासे आणले. जरीच्या थैलीत ठेवायचा आणि खेळ संपला की मोजून थैली खुंटीला अडकवायचा. त्यात दोन निळे होते, जुळ्या भावांसारखे. त्यातला एक त्याने संतोषला दिला. पहिल्याच रविवारी, स्वतःहून. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्ही ऋषीला शिव्या घालाल. घाला, पण हे लक्षात ठेवून घाला.

संतोष वाशीमचा. कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा. शोधायचा अचूक, पण मीटिंगमध्ये उभं राहून इंग्रजीतून सांगायची वेळ आली की पोराच्या घशात धोंडा अडकायचा. सोमवार ते शनिवार तो जिना चढायचा-उतरायचा तो मुक्यानेच. "जेवलास का?" विचारलं तर मान हलवायचा, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून हे आमच्या हिलाच कळायचं. रविवारी मात्र त्याचं पात्र, कुऱ्हाडवाला भीमपाल, मैदानात उतरलं की संतोष निळा फासा मुठीत घोळवून "हान!" असा ओरडायचा. कालव्यावरचे बगळे उडायचे. एकदा तर त्या आवाजाने पाणी क्षणभर उलटं खडकवासल्याकडे वाहिलं, तशी माझी नोंद आहे. आठवड्यात तेवढाच आवाज त्या पोराच्या गळ्यातून निघायचा.

उत्कर्षा त्याच कंपनीतली. तिला मारामारीत काडीचा रस नव्हता. तिचं पात्र वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसायचं. द्वारपाल, घुबड, भूत, कोणीही. आणि आमच्या सत्यशीलाबाई, म्हणजे आमची ही! पोहे द्यायला म्हणून आल्या आणि तिसऱ्या रविवारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या पात्राने गुहेच्या तोंडाशी खानावळ काढली.

"काकू, गुहेत खानावळ नसते," ऋषी म्हणाला.

"मग ते राक्षस जेवतात कुठे?"

ऋषीने वही चाळली. दोनशे पानी वही होती, चंद्रकोटच्या सात घराण्यांची सगळी भांडणं तीत होती. राक्षसांच्या जेवणाचं कुठे नव्हतं. खानावळ मान्य झाली.

असे सहा महिने गेले आणि एका रविवारी ऋषीने टेबलाच्या मधोमध एक छापील कागद चिकटवला. खेळाचे नियम. कोथरूडच्या माणसाने फाटकावर लावायची पाटी आमच्या टेबलावर लावली होती. पहिले तीन नियम वेळेवर येणे, मोबाईल बंद, तेलकट हात नकाशाला न लावणे. चौथा मी पाठच करून ठेवला आहे: "फासा टाकण्यापूर्वी पात्राच्या तोंडून किमान दोन मिनिटे संवाद बोलणे आवश्यक. न जमल्यास पुढील रविवारपासून येण्याचे कष्ट घेऊ नयेत."

टेबलाभोवती हे न जमणारा माणूस एकच होता. त्याने कागद दोनदा वाचला.

"मले नाई जमत ते, ऋषीभाऊ. भीमपाल काय बोलंन? तो तं कुऱ्हाडीनंच बोलते."

"मग कुऱ्हाडीला पाठवत जा. तू वर थांब."

संतोषने फासा खिशात घातला आणि खुर्ची मागे सरकवली. आवाजही न करता. माझ्या डोळ्यांसमोर सोमवारचा जिना उभा राहिला. आता रविवारीही तोच जिना.

"बस खाली," मी म्हटलं.

"काका, तुम्ही यात पडू नका," ऋषी म्हणाला. "दोनशे पानं लिहिली आहेत मी. प्रत्येक घराण्याला इतिहास आहे. आणि हा विचारतो काय, तर 'दार तोडू का?' दर वेळी. दार तोडू का!"

"तुटतं का दार?"

"मुद्दा तो नाही."

"दाराच्या दृष्टीने तोच आहे."

उत्कर्षा मध्ये पडली. "ऋषी, धिस इज टू मच हं. मला पण राग आहे त्याचा. तीन आठवडे मी त्या राक्षसिणीची समजूत काढत होते, ती रडायला आलेली, आणि याने येऊन तिचं मुंडकंच उडवलं. आय वॉज सो अँग्री! पण म्हणून त्याने यायचंच नाही?"

"सॉरी," संतोष नकाशाकडे बघत म्हणाला. "मले वाटलं तू तिले गुंतवून ठेवू राहिली."

हसू दाबत ही उठली आणि चहा टाकायला गेली. ऋषी हसला नाही. "खेळायची एक पद्धत असते. बाकी सगळा गोंधळ असतो."

आता छत्तीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! कालव्याच्या तोंडाशी ऊस असलेला प्रत्येक बागायतदार हेच म्हणायचा. ऊस म्हणजे पीक, बाकी सगळं तण. खाली शेवटाला एखादी बाई दोन गुंठ्यांत मेथी करायची, तिला पाणी कशाला? मी तेव्हाही ऐकलं नाही, आणि आता माझ्याच टेबलावर ऐकणार होतो? मी आत गेलो आणि ट्रंकेतून सात नंबरचे अर्ज काढून आणले. खात्याचा पाणीमागणीचा अर्ज. नाव, गाव, गट नंबर, मागणी केलेलं पीक. पिवळे पडले होते पण कोरे होते. प्रत्येकापुढे एकेक ठेवला आणि ऋषीच्या चौथ्या नियमावर चहाची बशी ठेवली.

"भरा."

"हे काय आहे?" ऋषी.

"पाणी घ्यायचं तर अर्ज करावा लागतो. पिकाच्या रकान्यात ज्याने त्याने आपली आवड लिहायची. त्याप्रमाणे पाळी मिळेल. आणि पाळी शेपटाकडून सुरू. जो सगळ्यात शेवटी बसलाय त्याला पहिलं पाणी, कारण वरचे आधी भिजले की खालच्याला चिखलसुद्धा उरत नाही. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने पाट फोडायचा नाही आणि नाक मुरडायचं नाही. लोकांनी रकान्यात घेवडा लिहिला, झेंडू लिहिला. मी एकालाही 'शी, झेंडू?' म्हटलं नाही. रकाना भरून घ्यायचा असतो. त्यावर मत मागितलेलं नसतं."

उत्कर्षाने लिहिलं, गप्पा. हिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "माझी खानावळ लिहा, आणि गट नंबर गुहेचा!" संतोषने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, मारामारी. ऋषीने अर्ज परत सरकवला.

"मी सूत्रधार आहे. मी अर्ज करत नाही."

"करू नकोस. पण त्याची खुर्ची हलणार नाही."

"घरमालक म्हणून सांगताय?"

"घर सोड हवं तर, वही घेऊन. मी हे टेबल रस्त्यावर टाकीन आणि तिथे बसून खेळू, पण तोंडाने बोलता येत नाही म्हणून कोणाला या टेबलावरून उठवणार नाही. लिहून देऊ? फॉर्म आहे माझ्याकडे."

ऋषीने वही मिटली. मग थैली बाजूला सारून म्हणाला, "ठीक. खेळातच ठरवू. संतोषने एकदा फासा टाकावा. वीस पडले तर तुमचे अर्ज. त्याखाली काहीही पडलं तर माझा नियम."

विसात एक संधी! उत्कर्षा चिडली, मी तोंड उघडणार तोच संतोष उभा राहिला. फासा मुठीत घेतला, डोळे मिटले आणि सबंध आठवड्याचं न बोललेलं सगळं त्या एका हातात आणून "हान!" म्हणून फेकला. फासा टेबलावर एकदाच आपटला, चहा घेऊन आलेल्या हिच्या हातातल्या ट्रेवर टणकन आदळला, पंख्याच्या पात्याला लागला आणि खिडकीतून सरळ कालव्यात. डुबुक.

सगळे खिडकीशी. खाली धरणातून सोडलेलं आवर्तनाचं पाणी भरून चाललं होतं, गढूळ, घाईत.

"फासा हरवला की टाक बाद," ऋषी म्हणाला.

"हरवला नाही," मी म्हटलं, "पडायचा थांबलेला नाही. पुढच्या रविवारपर्यंत मुदत दे. कुठेतरी टेकेलच, तेव्हा जो आकडा वर असेल तो त्याचा."

त्याला नाही म्हणता येईना. सूत्रधार माणूस, असली गोष्ट समोर आल्यावर पुढे काय होतं हे कळल्याशिवाय त्याला जेवण गेलं नसतं. "मान्य," तो म्हणाला. "पण साक्षीदार लागेल."

आता नीट ऐका. सोमवारी सकाळी मी लूना काढली आणि भरावाभरावाने निघालो. कालव्याच्या प्रत्येक दारावर चौकशी. एकजण म्हणाला, निळं काहीतरी एका मरळ माशाने गिळलं. पुढच्या दारावर तो मासा भेटला, पण त्याने ते थुंकलेलं होतं, कारण त्याच्या पोटात एक पडला होता आणि तो तोंडघशी आपटला होता. फुरसुंगीला एक म्हैस पाण्यात बसलेली. तिच्या पाठीवर फासा चढला, तिने शेपटी मारून अठरा पाडले, ते तिला कमी वाटले म्हणून परत पाण्यात ढकलला. चार दिवस मी हिंडलो. गुरुवारी लोणी काळभोरला, शेवटच्या दाराशी पोचलो. तिथे माझ्या हाताखालचा जुना पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारा मच्छिंद्र, गुडघाभर पाण्यात उभा. हात कमरेवर आणि नजर खाली.

"सायेब, ह्ये काय हाय? सकाळधरनं बसलंय. म्या हात न्हाई लावला."

दाराच्या पायाशी मऊ गाळ, आणि गाळात अर्धा रुतून निळा फासा. वर आकडा, वीस.

उचलायचा कसा? उचलला तर आकडा हललाच. म्हणून मच्छिंद्रने घमेल्यात तो गाळासकट अलगद काढला, जसं रोप मुळासकट काढतात. रविवारी लूनाच्या मागे मच्छिंद्र, त्याच्या मांडीवर घमेलं. लोणी ते हडपसर सोलापूर रस्त्याने. ट्रक, टमटम, उसाचे ट्रॅक्टर, खड्डे, आणि त्या घमेल्यातला गाळ थरथरलासुद्धा नाही. एका ट्रॅफिक हवालदाराने तर आम्हाला बघून चौकच थांबवला.

तीन वाजता घमेलं टेबलावर ठेवलं. संतोष भिंतीला टेकून उभा होता. त्याने त्या आठवड्यात वाशीमला फोन करून आईला सांगितलं होतं की पुणं काही खरं नाही, परत येतो म्हणून. हे मला नंतर कळलं.

"साक्षीदार?" ऋषी म्हणाला.

मच्छिंद्र पुढे झाला. "म्या सवता बगितलं. पान्यात गिरक्या घेत आला अन् माज्या दारावर येऊन बसला. ईस. ईसच हाय. खोटं बोलत आसंल तर माज्या पाटाला पानी न यवो."

"वाटेत हलला नाही?"

"म्हाताऱ्या मान्सानं चालवली तरी न्हाई."

उत्कर्षाने मच्छिंद्रला तिथेच खुर्चीवर बसवलं आणि पाण्यात काय काय वाहून येतं ते विचारायला सुरुवात केली. हिने त्याच्या हातात चहा दिला. ऋषी मात्र वाकून घमेल्यात पाहत होता. बराच वेळ पाहिलं. दोन बोटांनी गाळ चाळवला, मग फासा उचलला, पुसला, उलटा केला आणि खालची बाजूही पाहिली. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं. मी तर सोमवारपासूनच घेतला नव्हता.

मग त्याने फासा संतोषच्या हातात ठेवला.

"मान्य," तो मोठ्याने म्हणाला. "गोष्ट चांगली आहे." टेबलावरचा छापील कागद काढताना थोडा फाटला. खिशातून पेन काढून त्याने सात नंबरचा अर्ज ओढला आणि पिकाच्या रकान्यात लिहिलं: गोष्ट. "माझीही पाळी धरा. आणि तू, दार तोड. पण त्यामागे काय आहे ते मी सांगेपर्यंत थांब."

"किती येळ?"

"दोन मिनिटं."

"दीड," संतोष म्हणाला. आणि त्या दिवसापासून सात वर्षं, एक रविवार न चुकता, आमच्या टेबलावर शेजपाळी, म्हणजे पाळीपाळीने पाणी, चालली. ऋषी वर्णन करायचा तेव्हा संतोष गप्प बसायचा, संतोष "हान!" म्हणायचा तेव्हा ऋषी कानात बोटं घालायचा, पण बसून राहायचा. राक्षस हिच्या खानावळीत जेवून मगच मरायला जायचे. संतोषने मीटिंगमध्ये तोंड उघडलं की नाही ते मला विचारू नका. नसेल उघडलं. उघडायलाच हवं असं कोणी ठरवलं? त्याने वाशीमला परत फोन करून आईला पुण्यालाच बोलावून घेतलं, एवढं मला माहीत आहे. आणि हा फ्लॅट, पोरांनो, ज्याच्या फरशीवर तुम्ही बसला आहात, तो त्या एका विसावर उभा आहे. ज्या कालव्याने त्याचा फासा पंधरा किलोमीटर सांभाळून नेला त्याच कालव्याने...

"काका," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. ऋषी. दाराच्या चौकटीला टेकून जिलबी खात उभा. केव्हापासून ते त्यालाच ठाऊक. त्याने बोटं चाटली, रुमालाला पुसली.

"खोटं आहे हे. तो गाळ तुमच्या तुळशीच्या कुंडीतला होता, त्यात मंजिऱ्या होत्या. आणि फासा माझा होता, माझ्या थैलीतला दुसरा निळा. माझ्या प्रत्येक फाशावर एकच्या बाजूला, विसाच्या बरोबर उलट, मी ब्लेडने रेघ मारलेली असते; संतोषला दिला त्यावर नव्हती. उलटा केला तेव्हाच ती दिसली. 'मान्य' म्हणालो ते ती रेघ बघूनच म्हणालो."